आत्याच्या आवाजाची जुनी आवृत्ती

आत्याचा आवाज कुठल्याही खोलीत तिच्या आधी शिरतो. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा तिचा धंदा. तिच्या मते त्यातला अर्धा धंदा हाताचा आणि अर्धा घशाचा.

तरुणपणी ती कपड्यांच्या कारखान्यात शिवायला होती. तिथे रांगेने मशिनं धडधडायची, शेजारणीकडे कात्री मागायची तरी ओरडावं लागायचं. मशीन बंद पडलं की मेकॅनिकची वाट बघत बसायचं, आणि तो उगवायचा आरामात जेवूनखाऊन, दात कोरत. एकदा तो येईपर्यंत आत्याने स्वतःच मशीन खोललं, अडकलेला दोरा काढला, परत जोडलं आणि शिवायला लागली.

"मग मी आता काय करू?" त्याने विचारलं.

"दात कोरा," आत्या म्हणाली.

पुढे तिने स्वतःचं दुकान काढलं, पण आवाज कारखान्यातलाच राहिला. तिच्या हाताखाली तीन मेकॅनिक आहेत. ते गिऱ्हाइकाकडे जातात, मशीन उघडतात आणि दुकानात फोन लावतात. त्यातला सगळ्यात उंच, त्याला सगळे लंबूच म्हणतात, तो तर स्क्रू फिरवायच्या आधीच फोन फिरवतो.

"ताई, टाका सुटतोय."

"सुई बदललीस?"

"सुई चांगलीये, ताई."

"चांगलीये का, असं मी विचारलं का? बदललीस का?"

मग सुयांची डबी उघडल्याचा आवाज. "बदलतो."

हे मी दोन्ही आवाजांत करून दाखवते. घरात चार पाहुणे जमले की मला ते करावंच लागतं, आणि सगळ्यात मोठ्याने आत्याच हसते.

यंदा सुट्टी लागली आणि आत्याचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला. डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून घशात बघितलं. हे डॉक्टर इतकं हळू बोलतात की त्यांचाच घसा आधी तपासावा असं वाटतं. "स्वरतंतूंवर गाठी आहेत. महिनाभर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. गेल्या तर गेल्या, नाहीतर ऑपरेशन. आणि त्यानंतर आवाज असाच राहील, याची मी हमी देत नाही."

बाबा आत्याचे धाकटे भाऊ. ते एका कचेरीत मसुदे लिहितात. बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, काळजी करू नकोस. घरात सगळे सहकार्य करतील. काहीजण तर आनंदाने करतील."

आत्याने हातातली छत्री जमिनीवर दोनदा आपटली. तेव्हापासून तो नियमच झाला: एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि सलग टकटक म्हणजे तोंड बंद कर. दुकानात छत्रीच्या जागी स्क्रूड्रायव्हर आला.

खरी पंचाईत फोनची होती. आत्याने शिंप्याच्या खडूने टेबलाच्या काळ्या पत्र्यावर लिहिलं, "पोरं विचारणार. मी बोलणार. मला मी माहीत आहे."

मी म्हणाले, "आत्या, विकी बसवू या. तुला जे येतं त्याची पानं लिहायची. फोन आला की शोधायचं आणि वाचून दाखवायचं. कुणीही पान सुधारू शकतं, आणि कुणी काय बदललं ते सगळं मागे जपून राहतं."

तिने लिहिलं, "माझं डोकं परक्याच्या कपाटात ठेवणार नाही."

"परकं नाही ग, आपल्याच कॉम्प्युटरवर. दुकानाच्या बाहेर पान जाणार नाही."

एक टकटक.

दुकानातला कॉम्प्युटर मशीनच्या तेलाने इतका माखलेला आहे की माऊस हातातून सुळकन निसटतो. मी सूचना वाचून मराठीत सांगायचे आणि आत्या बटणं दाबायची. सॉफ्टवेअर उतरवलं, उलगडलं, चालू केलं. चालू झालं नाही. मी पडद्यावरची तक्रार वाचली. "हा म्हणतोय, त्याला ज्या दाराशी बसायचंय तिथे आधीच दुसरा प्रोग्रॅम बसलाय."

आत्याने खडू उचलला. "कोण?"

शोधलं तर बाबांनी बसवलेला बिलांचा प्रोग्रॅम निघाला. आत्याने बाबांकडे असं बघितलं, जसं ती गंजलेल्या सुईकडे बघते.

"त्याला उठवू नका हं," बाबा म्हणाले. "बिलं निघायची नाहीत."

"दुसरं दार दे," आत्याने लिहिलं. सेटिंगमधला एक आकडा बदलला आणि ब्राउझरमध्ये स्वच्छ पांढरं पान उघडलं: इथे अजून काहीही लिहिलेलं नाही. आत्याने पदराला बोटं पुसली आणि लिहायला बसली.

ती बोलते तसंच लिहिते. "टाका सुटतोय? सुई बदल. चांगलीये म्हणून सांगू नकोस, बदल." "तेल एक थेंब. एक म्हणजे एकच, आंघोळ घालायची नाहीये." "मशीन घट्ट अडकलं? जोर लावलास तर हुक मोडेल, मग माझ्यासमोर येऊ नकोस. सुई काढ, चाक उलटं फिरव, हळू, बाळाला थोपटतात तसं." आठवड्यात पानांचा ढीग झाला. बाबांनी रजा काढली होती. फोनवर कधी ते वाचायचे, कधी मी. मेकॅनिक खूश, घसा आरामात.

मग एका रविवारी दुकान बंद असताना बाबा एकटेच कॉम्प्युटरपुढे बसले. आत्याला आश्चर्याचा धक्का द्यायचा होता म्हणे. तो त्यांनी दिला.

सोमवारी लंबूचा फोन आला. एका कारखान्यात गणवेशांचं मोठं काम चालू होतं, मुख्य मशीन अडकलं होतं आणि मालक त्याच्या डोक्यावर उभा होता. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला, पान उघडलं आणि घसा साफ करून वाचायला लागले.

"सदर यंत्र स्थगित झाल्यास संबंधिताने प्रथमतः सुई विलग करावी. तदनंतर चक्रास विरुद्ध दिशेने मंद गती द्यावी. बलप्रयोग टाळावा."

पलीकडे फक्त कारखाना धडधडत होता.

"साहेब, काय लावावा?"

"लावावा नाही, टाळावा."

"ऐकू येत नाहीये हो. मालक म्हणतात पक्कडीने खेच. लावू का जोर?"

"बलप्रयोग," बाबा प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाले.

"बळ ना? बरं, लावतो."

पलीकडच्या टेबलाशी बसलेली आत्या ताडकन उठली. तिची छाती फुगली. तो श्वास मला चांगला माहीत आहे, त्याच्या मागोमाग जे येतं ते चौकापर्यंत ऐकू जातं. तोंड उघडलं. मग तिने ओठ इतके घट्ट मिटले की हनुवटी थरथरली. दोन ढांगांत ती कॉम्प्युटरशी आली, बाबांना खुर्चीसकट बाजूला ढकललं, पानाच्या डोक्यावरचं 'इतिहास' दाबलं. यादीत कालची बाबांची आवृत्ती वर, तिच्याखाली आत्याची. तिने स्वतःची उघडली, 'पूर्ववत करा' दाबलं आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या बरगडीत खुपसला.

मी फोन उचलला. पट्टी वर घेतली, कारखान्यातली. "ए लंबू, पक्कड खाली ठेव. जोर लावलास तर हुक मोडेल, मग माझ्यासमोर येऊ नकोस. सुई काढ. चाक उलटं फिरव. हळू, बाळाला थोपटतात तसं."

"हो ताई, हो हो." खटखट, थोडी कुरकुर, मग मशीन पुन्हा सरळ धावायला लागल्याचा आवाज. "सुटलं, ताई. पण तुम्ही बोललात कशा? डॉक्टरांनी बंदी घातलीय ना? मी सांगेन हं त्यांना."

"सांग. त्यांचं उत्तर तुला ऐकू आलं तर मलाही कळव," मी आत्याच्याच आवाजात म्हणाले. आत्या टेबलाला धरून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

बाबा मात्र हिरमुसले होते. "मी भाषा नीट केली होती फक्त."

पान बदलताना कारण लिहायला एक छोटी चौकट असते. आत्याने तिथे लिहिलं, "भावाने धुऊन काढलं होतं. परत मळवलं." मग एकेक करून बाकीची पानंही मळवली. त्या दिवसापासून त्या चौकटीतच दोघांचं जुंपलं. बाबा: "स्वल्पविराम दिला, राग नसावा." आत्या: "राग नाही. स्वल्पविराम काढला." मी रोज सकाळी पानांआधी कारणंच वाचायचे.

महिना संपला. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली आणि बराच वेळ बघत राहिले. आत्याने माझा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. बाबा भिंतीवरच्या घशाच्या चित्राकडे बघायला लागले.

"गाठी विरल्या," डॉक्टर म्हणाले. निदान मला तसं ऐकू आलं. "ऑपरेशन नको. पण यापुढे ओरडायचं नाही. बोला बघू, हळूच, एकच वाक्य."

आत्याने माझा हात सोडला. आवाज आला तो बारीक होता, थोडा खरखरीत, पण तिचाच.

"तेलाच्या पानात 'प्रथमतः' परत कुणी घातलं?"

बाबांनी चित्रावरची नजर हलवली नाही. खिशातून किल्ली काढली आणि डॉक्टरांच्या टेबलावर दोनदा वाजवली.