छत्रीच्या खांबांवरची पत्रकं

मैद्याच्या खळीचा वास आला की अकोल्याजवळचं आमचं नदीकाठचं जुनं गाव आठवतं. कॉलेजात असताना मी ‘नदीत घाण सोडू नका, गावाचा वारसा वाचवा’ अशी पत्रकं छापली आणि भर दुपारी, जोशात, घाटावरच्या जुन्या दगडी छत्रीच्या कोरीव खांबांवरच चिकटवली. खाली गोधड्या धुणारी शेजारची काकू ओरडली, “काहून रे बाप्पा, वारसा वाचवून राहिला का त्याले कागदं फासून राहिला?” बाया हसल्या. मी मान वर करून खांबांकडे पाहिलं. शेकडो वर्षं जपलेलं कोरीवकाम मीच एका दुपारीत बरबटवलं होतं. घाईनं एक कागद ओढला, तर तो फाटून नक्षीत अडकला. काकू ओला बोळा घेऊन वर आली. “नखानं नको खरवडू, नक्षी जाईन. घरची खळ हाय ना? भिजू दे मंग.” आम्ही पाणी शिंपडून थांबलो. हळूहळू एकेक कागद सायीसारखा उतरला. दगडावर डागही राहिला नव्हता. “उरलेले माह्या भिंतीले लाव,” काकू म्हणाली. मी आजही पत्रकं काढतो, पण ती लावण्याआधी भिंतीच्या मालकाला विचारतो.