पान वाचवणारे गृहस्थ

नव्वदच्या आसपास जळगावजवळ एका केळीच्या बागेत आमची भरीत पार्टी होती. तिथे एक सफारी सूटवाले गृहस्थ आले होते, पर्यावरणावर गावोगाव भाषणं देणारे. मालकीणबाई अक्का जेवणासाठी केळीची पानं कापायला निघाल्या, तर हे आडवे आले. "पान तोडणं म्हणजे झाडाचा हात तोडणं!" मग जीपमधून प्लास्टिकच्या ताटल्या काढून त्यांनी पदकं वाटावीत तशा वाटल्या.

अक्का म्हणाल्या, "भाऊ, पान ते बकरी खाई लेस. हाई कोन खाई?"

गृहस्थ मायेने हसले. "सवय लागेल, अक्का."

सवय लागली. त्यांनी वाचवलेली पानं वाळून कधीच मातीला मिळाली. ताटल्या मात्र अजून बांधावर आहेत, आणि दर पार्टीला त्यांत भर पडते.