अर्बाबच्या आजोबांची बंदूक

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर पुढे चहा सांडेल. ओमानमध्ये माझ्या हातून जे झालं ते ऐकून माझा सख्खा भाऊ म्हणाला होता, "हे बाहेर कुणाला सांगू नकोस बाबा." म्हणून सगळ्यांना सांगतोय!

दोन हजार बारा-तेराचा सुमार. मी मस्कतला, वादी कबीरमधल्या एका एसी डक्टच्या कंपनीत परचेसला होतो. तेव्हा टीव्हीवर एक अमेरिकन रिॲलिटी शो लागायचा. दाढीवाले चार लोक गिऱ्हाइकाला हवी तशी बंदूक बनवून देतात. कुणाला गिटारच्या आकाराची, कुणाला वाघाच्या पट्ट्यांची. दर भागात भांडणं, दर भागात वेळ संपत आलेली, आणि शेवटी कलिंगडावर ठो!

मला त्याचं असलं वेड लागलं की विचारू नका! जत्रेतला फुगासुद्धा कधी न फोडलेला मी, जेवणाच्या टेबलावर बॅरल आणि बोल्ट यांवर प्रवचनं झोडायला लागलो. बायको, मंजिरी, म्हणायची, "ते राहू दे. आधी किचनच्या नळाचा वॉशर बदल."

ऑफिसात तरी कोण थांबवणार? तिथे सालिम होता, आमच्या अर्बाबचा, म्हणजे मालकाचा पुतण्या. एक दिवस तो म्हणाला, "आपटे भाय, तुमको बंदूक का शौक? मेरा चाचा, उसका लडका लोग, सब शौकीन! ये प्रोग्राम हम लोग भी देखता है. जुम्मे को सूर आओ, साथ में देखेगा."

चाचा म्हणजे साक्षात अर्बाब! आणि परचेस मॅनेजरची खुर्ची नुकतीच रिकामी झालेली. त्या खुर्चीकडे मी किती दिवस डोळे लावून बसलो होतो! गेलो की हो सूरला, अर्बाबच्या गावी, सहकुटुंब!

मंजिरी आत बायकांकडे गेली, मी बाहेर पुरुषांच्या बैठकीत. खाली गालिचा, समोर खजूर, हलवा, कहवा. कहवा पुरे झाला की पेला हलवायचा, हे मला ठाऊक होतं. तेवढ्यावर मी स्वतःला अर्धा ओमानी समजत होतो.

शो लागला. मला वाटलं, शौकीन माणसं, वाहवा करतील. कसलं काय!

"ये आदमी चिल्लाता क्यूं है?" अर्बाबनी विचारलं. "बंदूक बहरी है क्या?"

"देखो, देखो! बंदूक को हातोडा मारा!" थोरल्या मुलाने डोळ्यांवर हात घेतला.

"हर बार टाइम कैसे खतम होता है? घडी नहीं है इनके पास?" हा धाकटा.

शेवटी कलिंगड फुटलं, तेव्हा तर अर्बाब खरोखर हळहळले. "इतना अच्छा फल! किसी को खिला देता!"

म्हटलं, इतकं वाईट आहे तर बघता कशाला? तर म्हणे, एकही भाग चुकवत नाहीत! शिव्या घालायला रोज काहीतरी लागतंच ना माणसाला.

मग अर्बाब उठले आणि भिंतीवरची बंदूक काढून माझ्या पुढ्यात धरली. त्यांच्या आजोबांची! जुनं गडद लाकूड, त्यावर नक्षीचे चांदीचे पट्टे. मी भारावलोच. "क्या चीज है, अर्बाब! ऐसा तो पूरा अमेरिका में नहीं मिलेगा!"

"पसंद आया? तफद्दल, तुम्हारा है. ले जाओ."

आता आपल्याकडची रीत काय? पहिल्यांदा "नको नको", दुसऱ्यांदा "कशाला उगाच", आणि तिसऱ्यांदा मुकाट्याने घ्यायचं. तिसऱ्यांदाही नाही म्हणालात तर यजमान म्हणतो, फार शिष्ट आहे मेला. मी दोनदा नको म्हटलं. अर्बाबनी तिसऱ्यांदा आग्रह केला.

मी दोन्ही हातांनी बंदूक घेतली.

बैठक एकदम चिडीचूप. टीव्हीवरचा दाढीवाला तेवढा ओरडत होता. अर्बाब हसतच होते, पण लेकीची पाठवणी करताना बाप हसतो तसे.

सालिम माझ्या कानाला लागला. "आपटे भाय! वो सिर्फ बोलने का होता है! लेने का नहीं!"

"मग वापस देता हूं ना!"

"अभी वापस देगा तो चाचा का बेइज्जती!"

बोंबला! ठेवली तर खुर्ची गेली, परत दिली तर नोकरी गेली! शिवाय वाटेत पोलिसांनी डिकी उघडली तर? निदान आजोबांची वस्तू चांगल्या माणसाकडे पडली, एवढं तरी अर्बाबना वाटावं, म्हणून मी तोंड उघडलं.

"अर्बाब, चिंता मत करो! मैं इसको एकदम नया बनाएगा! ये पुराना चांदी सब निकालेगा. लकडी फेंकेगा, प्लास्टिक लगाएगा. आगे से थोडा काटेगा. ऊपर दुर्बीण, नीचे टॉर्च, और पूरा मॅट काला पेंट!"

बंदूक माझ्या हातातून कधी गेली ते मला कळलंच नाही. बघतो तो भिंतीवर!

"खलास, खलास!" अर्बाब धापा टाकत म्हणाले. "इसको इधर ही अच्छा लगता है!"

मग पोरं फुटली, सालिम फुटला, आणि अर्बाब तर डोळे पुसून पुसून हसले. मला मिठी काय मारली, स्वतःच्या हाताने कहवा काय ओतला!

निघताना सालिम गाडीपर्यंत आला. "क्या दिमाग है तुम्हारा! चाचा बोलता है, इसने चीज भी वापस किया और मेरा इज्जत भी रखा. ऐसा आदमी ही मॅनेजर होना चाहिए. यल्ला, इतवार से वो कुर्सी तुम्हारा!"

परतीच्या वाटेवर मी मंजिरीला सगळं रंगवून सांगितलं. प्रसंगावधान म्हणजे काय, गनिमी कावा म्हणजे काय, सगळं. वाटेतलं कुरियात गाव मागे पडलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "खरं सांग. तू खरंच रंग देणार होतास ना?"

मी गाडीचा एसी वाढवला.

"एकच हात," म्हटलं. "मॅटला दुसरा लागत नाही."