पेटीत कोंडलेली सूचना

कारखान्याच्या मालकाने आम्हाला फसवलं. वादळ येतंय, पत्र्याखाली थांबू नका, ही सूचना त्याला सकाळी दहाला मिळाली होती. आम्हाला कळली दुपारी, छप्पर उडाल्यावर.

इच्छापोरच्या कारखान्यांच्या वस्तीत, त्याच्या शेडमध्ये भाड्याच्या जागेत माझे आठ लूम, कापड विणायचे माग, चालतात. खानदेशातून आलो तेव्हा मी बॉबिनवर सूत भरायचो. आज माझ्याच गावची माणसं माझ्याकडे कामाला आहेत. एका कारीगराने मोबाईल बघता बघता बोट गमावलं, तेव्हा मालकाने नियम काढला: कामावर येताना सगळ्यांचे फोन दारातल्या लोखंडी पेटीत, किल्ली मास्तरकडे, म्हणजे त्याच्या मुकादमाकडे. मी तीन दिवस भांडलो आणि एक अट पदरात पाडून घेतली. कुणाचा फोन लागोपाठ दोनदा वाजला तर मास्तरने लूमपाशी येऊन सांगायचं. मालकाने जबान दिली. मला वाटलं, सौदा मी जिंकलो. नियम सगळ्यांना, असं मिरवत मी माझाही फोन पेटीत टाकू लागलो.

त्या दिवशी दहाला पेटीतले सगळे फोन एकदम किंचाळले. लूमच्या खडखडाटात आत कुणाला काही कळलं नाही. मी चहासाठी दाराशी होतो, म्हणून ऐकलं.

"काय रे मास्तर?"

"कुछ नहीं भाऊ, सरकार का टेस्टिंग है. पिछली बार भी बजा था ना?"

वाजलं होतं खरं. मी कप ठेवला आणि आत गेलो.

अकराला मालकाची माणसं व्हरांड्यातले कापडाचे ताके धावत पळत पक्क्या गोदामात नेऊ लागली. मालकाची गाडीही झाडाखालून हलली. मी धंद्यातला माणूस. वाटलं, भाव चढणार, लेकाचा माल दडवतोय. किती ताके आत गेले ते बघत बसलो. आभाळाकडे बघितलंच नाही.

दोनला वीज गेली. लूम थांबले आणि बाहेरची गर्जना ऐकू आली. मास्तरने दाराचं शटर खाली ओढलं. "जागा सोडू नका, लाइट येईल!" पहिला पत्रा कागदासारखा सोलून निघाला. दुसरा आत घुसला. माझा मावसभाऊ तिसऱ्या लूमपाशी उभा होता. पत्र्याने त्याचा उजवा हात कोपराखाली कापला, तो नुसत्या कातडीवर लोंबत राहिला. ताण्याच्या पांढऱ्या सुतावर रक्त उडालं. माणसं किंचाळत शटरवर लाथा घालत होती. मी शर्ट फाडून त्याच्या दंडाला आवळला.

ॲम्ब्युलन्स बोलवायला मी पान्याने पेटीचं कुलूप तोडलं. मावसभावाच्या फोनवर त्याच्या बायकोचे अकरा कॉल होते, पहिला सव्वादहाचा. तिने डिंडोलीत घरी फोनवर तीच वादळाची सूचना वाचली होती. मास्तर मागेच उभा होता. त्याच पान्याने मी त्याचं तोंड फोडलं. रक्त थुंकत तो म्हणाला, "शेठ बोले थे, शाम का ट्रक भरने दो."

हात डॉक्टरांना काढावाच लागला. दवाखान्यात वहिनी रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगेल व्हतं ना, दोनदा वाजना का मास्तर सांगस म्हनीसन? मी अकरा येळा लावा."

मालक फळं घेऊन आला. "वावाझोडुं कोना हाथमां छे, भाई?" वादळ कुणाच्या हातात असतं, म्हणे! मी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. वॉर्डबॉयने सोडवलं.

वारा त्याच्या हातात नव्हता. दहा ते दोन हे चार तास होते. आम्ही वीस माणसं, चार मिनिटांत बाहेर पडलो असतो. पोलिसांनी माझ्यावर मारहाणीचा गुन्हा लिहून घेतलाय. घेऊ द्या, मी उत्तर देईन. पण त्याला कधी बोलावणार? कापड आत घ्या म्हणाला, मग माणसं बाहेर काढा का म्हणाला नाही? मला कारण सांगू नको म्हणावं त्याला. डिंडोलीला ये, वहिनीसमोर उभा राहा आणि तिला सांग.