सात नंबरचा मासा

सुचेताताई आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चार ते सात वर्षांच्या मुलांना इटालियन शिकवत. २००६ साल. भाईंदरला नळाला दिवसाआड पाणी यायचं, पण मुलांना परदेशी भाषा यायलाच हवी, यावर सगळ्या पालकांचं एकमत होतं.

ताई फोर्टला एका इटालियन मशिनरी कंपनीत सतरा वर्षं टायपिस्ट होत्या. कंपनीने गाशा गुंडाळला. गिरगाव सोडून ताई इथे आल्या, तेव्हा सामानात ही भाषा तेवढी जादा होती.

वर्गात फळा नव्हता. जुन्या लग्नपत्रिका कापून मुलं मासे करत. मी बी.ए. मराठी, बिनकामाचा, म्हणून डिंक माझ्याकडे. जमिनीवर निळी साडी अंथरायची, तिच्यावर पुठ्ठ्याची होडी. जवळच्या तारोडी गावच्या किनाऱ्यावरून होडी निघाली, की 'बार्का'. जाळ्यात मासा आला, की 'पेशे'. ताईंच्या हातातलं पुठ्ठ्याचं मांजर दिसलं, की सगळ्यांनी 'गात्तो' म्हणून ओरडायचं. नाही ओरडलं, तर मासा मांजराचा. मुलं हिंदीत भांडत, मराठीत रडत आणि मासा इटालियनमध्ये मागत. मी थक्क होऊन पाहत राही.

डिसेंबरात सेक्रेटरी आत्माराम राऊत आले.

"ताई, अबॅकसवाले हॉल मागतायत. कमिटीला रिझल्ट दाखवा. नाहीतर जानेवारीपासून हॉल त्यांना."

"रिझल्ट कसला? मुलं खेळतात."

"तेच लोक बोलतायत. खेळायला कंपाउंड आहे की."

ताईंच्या घरी एकच खोली आणि तिच्यात अंथरुणाला खिळलेली आई. वर्गाला दुसरी जागा नव्हती. त्या हो म्हणाल्या.

पालक कामाला लागले. अनुष्काची आई नीलमकाकू. त्यांनी मुलांकडूनच शब्द काढून घेतले, वीस शब्दांची यादी केली, नंबर घातले, झेरॉक्स वाटल्या. रोज संध्याकाळी त्यांच्या घरी पाठांतर. खेळाच्या वर्गाला ट्यूशन लागली.

परीक्षेला सगळी कमिटी हजर. अनुष्काचे बाबा जितेंद्र यांनी यादी हातात घेतली.

"सात?"

"पेशे," मुलं एका सुरात म्हणाली.

"बारा?"

"गात्तो."

वीसपैकी वीस. टाळ्या पडल्या.

मग ताईंनी साडी अंथरली. होडी निघाली. जाळं ओढलं. त्यांनी चमकीचा मासा अनुष्काच्या हातात दिला.

"हे काय गं?"

अनुष्काने माशाकडे पाहिलं. मग आईकडे.

"सात," ती म्हणाली.

मांजर आलं, मासा घेऊन गेलं. कोणी ओरडलं नाही. मुलं हाताची घडी घालून पुढच्या नंबरची वाट पाहत होती.

"नंबरसकट पाठ आहे," जितेंद्र शेजारच्याला म्हणाले. "अजून काय पाहिजे?"

आत्मारामांनी जागच्या जागी हॉल मंजूर केला. "फक्त ते साडीबिडी बंद करा, ताई. यादी पुढे न्या. शंभरपर्यंत."

ताई साडीची घडी घालू लागल्या. "मग माझं काय काम? यादी नीलमकडे आहेच."

"अहो, पास झालात तुम्ही. रागावताय कशाला?"

"रागावत नाहीये. शंभरपर्यंत मला नाही जमणार."

हॉल आता नीलमकाकूंकडे आहे. चाळीस मुलं, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. गाडी एकसष्टपर्यंत पोचलीय.

ताई घराबाहेरच्या पॅसेजमध्ये बसतात. तीन मुलं येतात. काल होडी लिफ्टपर्यंत गेली आणि मांजराला हाकलताना मजला दणाणला. तिघांच्या आयांना वाटतं, ताई पाळणाघर चालवतात. ताईंनी त्यांना काही सांगितलेलं नाही.