वाटीतले चिंचोके

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि मी दोन बोटांनी टाइप करते, म्हणून सगळ्यांचे लेख छापायला गेले तरी माझा राहिलेला. आपटे सरांना साठ वर्षं पूर्ण होतात म्हणून हे पुस्तक निघतंय. त्यात मोठमोठ्या इंजिनियरांनी लिहिलंय, आणि मी तर नववीत शाळा सोडलेली. पण आमच्या ऑफिसातला समीरदादा बोलला, तू बोलतेस तसंच लिही, सरांना वाचून तूच दाखवणार आहेस.

मी खाडीकाठच्या बाळकुमची, कोळ्यांची. टेंभी नाक्यावर दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे, तिथे मी वायरींना सोल्डर मारायला लागलेले. पहिल्याच आठवड्यात सर माझ्या टेबलापाशी आले आणि एक छापलेला कागद पुढे करून बोलले, हे जरा वाचून दाखव. सरांना काचबिंदू. कडेकडेने अंधार येत चाललेला, आणि जे गेलं ते परत येत नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त घाम फुटला. शाळेत वाचायला उभी राहिले की माझ्या हेलाला पोरी हसायच्या, म्हणून तर मी शाळेत जायचं सोडलं.

मी बोलले, "सर, मला इंग्लिश नाही येत."

"अक्षरं येतात ना? मग पुरे. आणि इथे हसणार कोण, कॉम्प्युटर? तो ठार बहिरा आहे."

सरांचं काम काय होतं ते मला समजलंय तेवढं सांगते. हॉस्पिटलात पेशंटचे ठोके मोजणारा एक डबा असतो. तो कॉम्प्युटरला जोडला की त्याच्याशी बोलणारा प्रोग्रॅम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर त्या डब्यासाठी मेमरीत जागा घेतो, डब्याची सगळी माहिती तिथे ठेवतो, आणि डबा काढला की ती जागा परत करतो. आमच्या ड्रायव्हरमध्ये इथेच घोळ होता. पेशंटला हलवताना सिस्टर वायर खेचायची, ड्रायव्हर लगेच जागा सोडून द्यायचा, पण पडद्यावर आकडे दाखवणारा प्रोग्रॅम अजून तिथूनच वाचत असायचा. मग अख्खं मशीन अडकायचं आणि खोलीतल्या बाकीच्या पेशंटचे आकडेही जायचे. डोळे आहेत तोवर हे नीट करून द्यायचं, एवढंच सरांना हवं होतं.

समीरदादाने विचारलेलं, डबाच गेला तर जागा कशाला धरून ठेवायची. सर बोलले, "डबा गेला रे, मान्य. पण त्याच्याकडे बघत बसलेला अजून बसलाय ना? त्याला आधी सांग, डबा गेला म्हणून. तो उठला की मग जागा झाड."

आणि हे तपासायला सरांनी घरून चिंचोके आणले. छापलेला प्रोग्रॅम मी मोठ्याने वाचायचा. कोणी जागा घेतली किंवा धरली की स्टीलच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा, सोडली की एक काढायचा. वाटीत एक जरी असेल तर जागा परत करायची नाही, आणि वाटी रिकामी झाल्यावर जागा अडवून ठेवायची पण नाही. सर डोळे मिटून वाटीचा आवाज ऐकायचे. नवरात्रात नाक्यावरचे लाऊडस्पीकर सुरू झाले तेव्हा मला ओरडून वाचायला लागायचं. खालचा दुकानदार वर बघायला आला, कोणाचं भांडण लागलंय. मी, जी वर्गात तोंड उघडायची नाही.

रोज सकाळी सर पहिलं विचारायचे, "आज खाडीत काय?" स्वतः अंडं पण खात नाहीत. माझा भाऊ खाडीत जाळं टाकतो, पण कारखान्यांचं पाणी यायला लागल्यापासून जाळ्यात येतं काय, तर चिखल आणि पिशव्या. मी बोलायचे, काही नाही सर. सर म्हणायचे, बरं, उद्या विचारतो. आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारायचे.

शेवटचा भाग वाचून झाला त्या दुपारी वाटीत एक चिंचोका उरला. मला वाटलं माझंच चुकलं. सर बोलले, पहिल्यापासून वाच. मधे एका ठिकाणी काही बिघडलं तर प्रोग्रॅमला अर्ध्यातूनच बाहेर पडायची वाट होती. तिथे सरांनी हात वर केला. "थांब. इथून तो बाहेर पडला, आणि हातातलं ठेवून नाही गेला."

तिथे जागा सोडायची राहिलेली ओळ समीरदादाने घातली. मी परत वाचायला घेतलं, आणि मधेच सरांनी विचारलं, "दिवा लावला नाहीस का गं?"

खिडकी उघडी होती. ट्यूबलाइट पण चालू होती. मी समीरदादाकडे बघितलं, तो खाली बघत होता. मी उठले, बटण बंद केलं आणि परत चालू केलं.

सर हळू आवाजात बोलले, "कशाला खोटं बटण दाबतेस? ऊन माझ्या हातावर लागतंय. चल, पुढचं वाच."

मी वाचलं. कसं वाचलं मला माहीत नाही. शेवटचा चिंचोका काढल्यावर सरांनी वाटी मागून घेतली, आतून बोट फिरवलं आणि बोलले, "रिकामी." दुसऱ्या दिवसापासून सर ऑफिसला आले नाहीत.

आता हॉस्पिटलात वायर निघाली की पडद्यावर डबा काढला असं येतं आणि बाकीचे आकडे चालू राहतात. सर डोंबिवलीला घरीच असतात. मी रविवारी जाते, पेपर वाचते. वाटी माझ्या टेबलावर आहे.

सर, तुम्ही खूप वर्षं असा. पाय चालू राहू देत, दात राहू देत, आणि कान तर नक्कीच राहू देत, कारण मला तुम्हाला अजून पुष्कळ वाचून दाखवायचंय.

हे टाइप करता करता आत्ताच बाळकुमहून फोन आला. भावाच्या जाळ्यात जिताडा लागलाय, माझ्या मांडीएवढा, आणि अख्खी आळी बघायला जमलीय.