‘सोड!’ म्हटलं की सोडायचं

आपल्या पोरीला बर्फावर उभं राहायचा पगार मिळतो, हे ऐकलं तेव्हा प्रेमदास थूल खाटेवरून उठून उभाच राहिला. रोशनी सीमेवरच्या दलात भरती होऊन लडाखात गेली, त्याला चार वर्षं झाली होती. पोर बंदूक घेऊन डोंगरावर पहारा देत असेल, अशी वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्या घराची पक्की समजूत. आणि आज ती फोनवर सांगत होती की दलाच्या आइस हॉकी संघात ती गोलकीपर आहे.

“आइस म्हंजे बर्फच न?” प्रेमदासनं विचारलं.

“बर्फच, बाबा.”

“अन् त्याच्यावर उभं राह्यचं?”

“उभं राह्यचं, अन् समोरून पक येते तो अडवायचा. काळ्या रबराची चकती राह्यते, गोट्यासारखी लागते. हेच काम आहे आता माहं.”

प्रेमदासनं फोन बायकोच्या, तानाबाईच्या हातात दिला आणि घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला. एकतीस वर्षं त्यानं वर्ध्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात बर्फ काढला होता. बाहेर सेहेचाळीस डिग्री ऊन आणि आत पायाला पोत्याचे तुकडे बांधून दीडशे किलोची लादी आकड्यानं ओढायची, हा त्याचा उन्हाळा. बर्फाशी खेळायचं नसतं, हे तो घरात ऊठसूट सांगायचा. आता त्याचीच पोर बर्फावर खेळते आणि वर सरकार तिला पगार देतं! कोणाला सांगावं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

त्याच्या त्या भीतीला कारण होतं. लहानू त्याचा जोडीदार. रोशनी सात वर्षांची असताना एका दुपारी दोघं लाद्यांची चळत लावत होते आणि आतून ‘टक्’ असा आवाज आला. प्रेमदासनं तो ऐकला. ऐकून काय झालं ते बघायला त्यानं मान वळवली, तेवढ्यात चळत घसरली आणि लहानूचा उजवा पाय गुडघ्याखाली कायमचा गेला. प्रेमदास ओरडला, पण उशिरा. लहानूनं त्याला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. प्रेमदासनं मात्र स्वतःला एक दिवसही माफ केलं नाही.

त्यानंतर त्यानं कारखान्यात एक रीत पाडली. बर्फ तडकल्याचा आवाज आला की बघायचं नाही, विचार करायचा नाही, आधी पोटातून ओरडायचं, “सोड!” आणि ते ऐकणाऱ्यानं हातात आकडा असो, लादी असो, आहे ते टाकून मागे उडी मारायची. रोज दुपारी डबा घेऊन येणाऱ्या रोशनीलाही त्यानं हे शिकवलं. शिकवलं म्हणजे अंगात भिनवलं. घरी जेवताना मध्येच ओरडायचा, “सोड!” पोर वरणभाताचं ताट जमिनीवर टाकून भिंतीला जाऊन चिकटायची. तानाबाई कपाळ बडवायची.

“कारखान्याचं याड घरात कायले आनता हो? किती ताटं चेमटवता?”

“ताट चेमटू दे. पोट्टी वाचली पायजे,” प्रेमदास म्हणायचा.

अशा पोरीला लडाखात बर्फाची भीती वाटली नाही यात नवल काय? दलाला मुलींचा संघ उभा करायचा होता. स्केट घालून उभं राहायलाच रोशनीला एक अख्खा हिवाळा लागला; पडून पडून कंबर काळीनिळी झाली, हे तिनं घरी दोन वर्षांनी सांगितलं. पण पक अंगावर आला की बाकीच्या डोळे मिटायच्या, ही मिटत नव्हती. कोच मॅडमनं तिला गोलमध्ये उभं केलं ते कायमचंच. पुढे एक दात गेला, खांदा निखळला, दोनदा संघानं स्पर्धा जिंकली. सुट्टीत आली की ती आईला जखमा दाखवायची आणि बापाला पदकं. तानाबाईला वाटायचं हे उलटं व्हायला पाहिजे.

अठ्ठावीस वर्षांची झाली त्या जानेवारीत तिनं बापाला लेहला बोलावलं. स्पर्धेची अंतिम मॅच होती आणि देशाच्या संघाच्या शिबिरासाठी निवड करणारे ती बघायला येणार होते. इतकी वर्षं ती याचसाठी घासत होती. “बाबा, एकदा तरी पाह्यले या,” एवढंच म्हणाली. प्रेमदास आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसला.

तळं बघून त्याचे डोळेच फाटले. लादी गोठवायचे डबे नाहीत, ते बुडवायची मिठाच्या पाण्याची टाकी नाही, मशीन नाही, आणि एवढी मोठी लादी! उघड्या आभाळाखाली एकसंध पसरलेली, आणि तिच्यावर माणसं सुसाट पळताहेत. त्याला मैदानाच्या कडेनं लावलेल्या फळ्यांच्या मागे, नेमकं रोशनीच्या गोलच्या पाठीशी बसवलं होतं. अंगावर चार कपडे, वर दलाचा कोट, तरी तो कापत होता. थंडीनं किती आणि भीतीनं किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

पोर मात्र काय खेळली! पाय फाकवून पडायची, उठायची, पक छातीवर घ्यायची. प्रेमदास हळूहळू कापायचा थांबला. शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून म्हणाला, “माही आहे ती.” दोन मिनिटं उरली होती, एक-एक अशी बरोबरी होती. ऊन डोंगरामागे गेलं, वारा सुटला. समोरून जोरात पक आला आणि रोशनीनं तो हवेतच मोठ्या हातमोज्यात पकडला. खेळ थांबवायला पंच शिट्टी तोंडाशी नेत होता.

तेवढ्यात तळं तडकलं. ‘टक्’ नाही, चांगला तोफेसारखा आवाज, या काठापासून त्या काठापर्यंत गेलेला.

प्रेमदासनं बघितलं नाही. विचार केला नाही.

“सोड!”

आणि रोशनीनं सोडलं. हातमोजा उघडला, पक बर्फावर पडला, आणि ती दोन पावलं मागे सरून गोलच्या खांबाला चिकटली. समोरच्या पोरीनं स्टिकनं अलगद तो आत ढकलला. शिट्टी वाजली ती गोलची.

तळ्याभोवतीचे सगळे लोक ओरडत होते. बर्फ जिथल्या तिथे होता. साधी चीरही नव्हती. रोशनीनं तोंडावरच्या जाळीतून वळून बापाकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं हे त्याला कळलं.

मॅच हरले. कोच मॅडम सगळ्यांसमोर विचारत होती, हातात आलेला पक पडलाच कसा. प्रेमदास फळ्या ओलांडून सांगायला निघाला, तर रोशनीनं त्याचा कोट मागून घट्ट धरला.

“हात सुटला, मॅडम,” ती हिंदीत म्हणाली. “माझी चूक.”

संध्याकाळी खोलीवर तिनं त्याला चहा आणून दिला.

“बर्फ फुटला नव्हता?” त्यानं विचारलं.

“थंडी वाढली की तळं आवाज करते, बाबा. रोजच करते. आवाज आला म्हंजे बर्फ घट्ट होऊन राह्यला.”

“मले नाई सांगितलं कोनी.”

“माह्या ध्यानातच नाई आलं सांगाचं. मले वाटलं, बर्फाचं तुमाले काय सांगाव?”

प्रेमदासचा चहा तसाच गार झाला. एकतीस वर्षांची त्याची विद्या. एका पायापुरती उशिरा आली होती, आणि आता पोरीच्या आयुष्याच्या मॅचला अगदी वेळेवर आली. निवडीच्या यादीत रोशनीचं नाव नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात आणखी एकदा बघू, शेवटचं, असं तिला सांगण्यात आलं.

घरी परतल्यावर त्यानं तोंडाला कुलूप लावलं. दूध उतू जाताना दिसलं तरी हाक मारेना, बघत बसायचा. तानाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलला. “माह्या आवाजानं पोरीचं वाटोळं केलं.”

मे महिन्यात रोशनी सुट्टीवर आली, ती गोलकीपरचं सगळं सामान पाठीवर घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला विहाराच्या सिमेंटच्या अंगणात तिनं पॅड बांधले, हातमोजा चढवला आणि आईच्या हातात टेनिसचे चेंडू दिले.

“आई, तू फेक. बाबा, तुमी माह्या मागं उभे राहा. मी चेंडू पकडला की ओरडा, सोड.”

प्रेमदासला वाटलं पोरगी जखमेवर मीठ चोळते आहे. “नाई जमनार मले.”

“जमवा लागन, बाबा. त्या दिवसापासून नुसती आठवन आली तरी हात उघडते. तिथं तळं तडकलं की मले तुमचाच आवाज ऐकू येते. तुमी घातलं हे माह्या अंगात, आता तुमीच काढा.”

तो ओरडला, म्हणजे कसाबसा पुटपुटला. तरी रोशनीचा हात उघडला. रोज सकाळी पन्नास चेंडू, आणि सुरुवातीला पन्नासही वेळा चेंडू सिमेंटवर. घामानं पॅड भिजून जड व्हायचे. बारा दिवस गेले. हात आता कुजबुजीला मिटलेला राहायचा, पण रोशनीचं समाधान होईना.

“हा तुमचा आवाजच नाई. कारखान्यातला काढा.”

प्रेमदास मान हलवत राहिला. विहाराच्या पायरीवर लहानू बसला होता, काठी मांडीवर घेऊन. तो रोज येऊन हा तमाशा बघायचा.

“प्रेमदास,” तो म्हणाला, “माह्या वेळी तुले उशीर झाला. आता तरी टायमावर ओरड न, लेका.”

एकवीस वर्षांत लहानू हे पहिल्यांदा बोलला होता. बोलून तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरले होते.

तानाबाईनं चेंडू फेकला. रोशनीनं पकडला.

“सोड!”

झाडावरचे पारवे उडाले. पलीकडच्या नळावर कोणाची तरी बादली धाडकन पडली. तानाबाईच्या ओंजळीतले उरलेले चेंडू सगळ्या अंगणभर पांगले, आणि लहानूची काठी पायऱ्यांवरून गडगडत खाली आली.

रोशनीचा मोजा मिटलेला होता. ती जागची हललीही नव्हती. तिनं वळून मोजा बापासमोर धरला आणि उघडला. आत चेंडू होता.

प्रेमदास तिथेच सिमेंटवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. “नाई ऐकलं,” तो तानाबाईला सांगत होता, “पोट्टीनं माहं ऐकलं नाई.”

“उठा, बाबा,” रोशनी म्हणाली. “अजून एकोनपन्नास राह्यले.”